बीओक्यू फक्त टेंडरपुरता नसतो: नव्या कंत्राटदारासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

टेंडर भरेपर्यंत बीओक्यूचा (बिल ऑफ क्वांटिटीज, म्हणजे कामाच्या आयटमचा आणि परिमाणांचा तक्ता) सगळे मिळून कीस पाडतात. काम मिळालं की तीच फाइल बिलिंगवाल्याच्या संगणकात जाऊन बसते आणि साइटवरचा इंजिनिअर नुसतं ड्रॉइंग बघून काम रेटतो. पैसा गळायला सुरुवात होते ती इथे. काम ड्रॉइंगप्रमाणे होतं, पण पैसे बीओक्यूच्या आयटमप्रमाणे मिळतात. या दोहोंमधली फट रोज कोणीतरी बघत राहिलं पाहिजे.

बीओक्यू दिसायला साधा असतो. आयटमचा क्रमांक, वर्णन, एकक, परिमाण, दर आणि रक्कम, एवढेच रकाने. नवखा माणूस शेवटचे दोन रकाने आधी बघतो. अनुभवी माणूस आधी वर्णन वाचतो, मग एकक बघतो आणि दराकडे सगळ्यात शेवटी वळतो. पुढच्या पायऱ्याही साधारण त्याच क्रमाने आहेत.

पायरी 1: करार कोणत्या पद्धतीचा आहे ते ठरवा

आयटम रेट करारात बीओक्यूतलं परिमाण हा अंदाज असतो. प्रत्यक्ष जेवढं काम होईल तेवढं मोजायचं आणि ठरलेल्या दराने पैसे घ्यायचे. लम्पसम करारात एकूण रक्कम ठरलेली असते. तिथे बीओक्यू जोडलेला असला, तरी परिमाण कमी निघाल्याचा फटका बहुतेक वेळा कंत्राटदारालाच बसतो. म्हणून लम्पसम कामात बीओक्यूच्या आकड्यांवर विसंबून किंमत देऊ नका, ड्रॉइंगवरून स्वतः काढा. काही करार मिश्र असतात: पाया प्रत्यक्ष मोजणीवर आणि वरची इमारत लम्पसम. जमिनीखाली काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे ही वाटणी रास्तच म्हणायची.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट तपासा. ड्रॉइंग, स्पेसिफिकेशन आणि बीओक्यू यांत विसंगती निघाली तर कोणाचं खरं मानायचं, हा क्रम करारात दिलेला असतो. तो शोधून पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

पायरी 2: वर्णन शब्द न् शब्द वाचा

बीओक्यूच्या आधी एक प्रस्तावना असते आणि ती कोणी वाचत नाही. दरात काय काय धरलेलं आहे ते तिथेच लिहिलेलं असतं: मालाची ने-आण, उंचीवर चढवणं, परांची, पाणी मारणं, चाचण्या, सफाई. आयटमच्या वर्णनात ‘सेंट्रिंगसह’ (काँक्रीट ओतायच्या साच्यासह) हे शब्द आहेत की सेंट्रिंगचा आयटम वेगळा आहे, एवढ्या एका फरकाने काँक्रीटचा दर पार बदलतो.

दराचा रकाना कोरा ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. बहुतेक करारांत दर न भरलेल्या आयटमची किंमत इतर दरांत धरलेली आहे असं मानलं जातं. ते काम करावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. ज्या वर्णनाचा अर्थ दोन प्रकारे लागतो, त्यावर टेंडरपूर्व शंकांमध्ये लेखी प्रश्न विचारा. काम मिळाल्यावर त्याच ओळीवरून होणारा वाद फार महाग पडतो.

पायरी 3: मोजणीचा नियम समजून घ्या

ही पायरी सगळ्यात कोरडी वाटते, आणि पैसे सगळ्यात जास्त याच पायरीत असतात. प्रत्येक बीओक्यू कुठल्या ना कुठल्या मोजमाप पद्धतीवर बेतलेला असतो. भारतात आयएस 1200, ब्रिटिश पद्धतीच्या इमारत कामांत एनआरएम 2, स्थापत्य कामांत सीईएसएमएम. कधी कधी करारातच स्वतंत्र नियम दिलेले असतात आणि मग तेच चालतात.

गिलाव्याचं उदाहरण घ्या. आयएस 1200 प्रमाणे 0.5 चौ.मी.पर्यंतच्या उघड्या जागांची वजावट होत नाही. 0.5 ते 3 चौ.मी.च्या दारं-खिडक्यांसाठी, भिंतीच्या दोन्ही बाजूंना गिलावा असेल तर, एकाच बाजूची वजावट करायची. 3 चौ.मी.च्या वर दोन्ही बाजू वजा करायच्या आणि आतल्या कडा मोजून मिळवायच्या. आता 1.2 बाय 1.5 मीटरची खिडकी म्हणजे 1.8 चौ.मी. ती एकदाच वजा होते. नव्या बिलिंगवाल्याने दोन्ही बाजूंनी वजा केली तर खिडकीमागे 1.8 चौ.मी. हकनाक जातात. अशा 60 खिडक्या असल्या की 108 चौ.मी. गिलावा फुकट. नियमामागचं कारणही रास्त आहे. न वजावलेल्या बाजूतून खिडकीच्या आतल्या कडांच्या कामाची भरपाई होते. त्या कडांना क्षेत्रफळ थोडं आणि मेहनत भरपूर लागते.

दुसरं उदाहरण खोदाईचं, कारण तिथे सगळेच फसतात. फूटिंगखालचं (कॉलमच्या पायाखालचं) पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, 2 बाय 2 मीटर आहे आणि खड्ड्याची खोली 1.5 मीटर. करारात खोदाई पीसीसीच्या कडेपर्यंतच मोजायची असेल तर पैसे मिळतील 6 घ.मी.चे. पण सेंट्रिंग लावायला माणूस आत उतरायला हवा, म्हणून चारही बाजूंना अर्धा मीटर जागा सोडली. खड्डा झाला 3 बाय 3, म्हणजे 13.5 घ.मी. दुपटीहून जास्त. माती भुसभुशीत असेल आणि कडांना उतार द्यावा लागला तर आणखी. शिवाय खणलेली माती फुगते. साधी माती 20 ते 30 टक्के फुगली तर वाहतुकीला साधारण 16 ते 17.5 घ.मी. होते. जादा खणलेलं पुन्हा भरावंही लागतं. काही पद्धतींत कामापुरती सोडलेली जागा वेगळी मोजतात, काहींत ती दरातच धरलेली असते. दुसऱ्या प्रकारात 6 घ.मी.च्या दरात 13.5 घ.मी.चा खर्च बसला पाहिजे. जेसीबीवाल्याला हा नियम सांगून उपयोग नाही, तो तासाचे पैसे घेतो.

पायरी 4: प्रत्येक आयटमची तीन परिमाणं वेगळी ठेवा

पूर्ण लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. बीओक्यूची एक प्रत जशीच्या तशी कुलूपबंद ठेवा आणि कामाच्या प्रतीत परिमाणाचे तीन रकाने करा: टेंडरचं परिमाण, बांधकामासाठी मंजूर झालेल्या ड्रॉइंगवरून काढलेलं परिमाण आणि आजपर्यंत प्रत्यक्ष झालेलं परिमाण.

पहिल्या दोहोंतला फरक काम सुरू होण्याआधीच कळतो. समजा टेंडरमध्ये वीटकाम 420 घ.मी. आहे आणि ड्रॉइंगवरून 505 निघतं. आयटम रेट करारात जादा 85 घ.मी.चे पैसे मिळतीलच, पण तेवढा माल, तेवढे गवंडी आणि तेवढा वेळ तुमच्या नियोजनात नाही. शिवाय मालकाच्या बजेटमध्येही ते नाही. शेवटच्या बिलात हा आकडा एकदम दिसला तर मंजुरी अडकते. पहिल्या महिन्यातच पत्राने कळवला तर ती त्यांची अडचण राहते, तुमची होत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक जास्त बोचरा असतो. ड्रॉइंगवरून स्लॅबचं काँक्रीट 50 घ.मी. निघतं, साइटवर 54 ओतलं गेलं. 400 चौ.मी.चा स्लॅब 125 ऐवजी 135 मि.मी. पडला की नेमके हे 4 घ.मी. जातात. ते कोणी मोजून देत नाही, कारण मोजमाप ड्रॉइंगच्या जाडीनेच होतं. कव्हर ब्लॉक (सळया आणि साचा यांत अंतर राखणारे ठोकळे) नीट बसवले का, लेव्हल घेतल्या का, सेंट्रिंग खाली बसलं का, हे प्रश्न या रकान्यातून पुढे येतात.

आयटमचे क्रमांक मात्र कधीही बदलू नका. मध्ये नवी ओळ घुसवून खालचे क्रमांक सरकवले, की ड्रॉइंग, पत्रव्यवहार आणि जुनी बिलं यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. नवा आयटम आला तर शेवटी वेगळ्या मालिकेत टाका.

पायरी 5: दर फोडून ठेवा

भरलेला दर हा एकच आकडा साइटवर निरुपयोगी असतो. तो माल, वेस्टेज, मजुरी, यंत्रं, साइटचा वरखर्च आणि नफा असा फोडलेला असेल तरच पुढे कामी येतो.

1:1.5:3 प्रमाणाच्या काँक्रीटचं बघा. एक घ.मी. तयार काँक्रीटला कोरडा माल साधारण 1.54 घ.मी. लागतो. प्रमाणांची बेरीज 5.5, म्हणून सिमेंट 0.28 घ.मी., म्हणजे सुमारे 403 किलो, 50 किलोच्या 8 गोण्या. वाळू 0.42 आणि खडी 0.84 घ.मी. हे आकडे दराच्या पोटात लिहून ठेवलेले असले की खरेदीची मागणी आणि महिन्याचा ताळा दोन्ही त्यातूनच निघतात.

साइट ऑफिस, विमा, बँक गॅरंटी, पहारा, पाणी-वीज यांना बीओक्यूमध्ये वेगळे आयटम नसतील तर हा खर्च सगळ्या दरांवर वाटावा लागतो. तो वाटताना लक्षात ठेवा की एखादा आयटम पुढे रद्द झाला तर त्याच्या वाटणीचा वरखर्चही जातो.

काही जण सुरुवातीच्या आयटमचे दर चढवून शेवटच्यांचे उतरवतात, म्हणजे पैसा लवकर हाती येतो. हा प्रकार सर्रास चालतो आणि मला तो जुगार वाटतो. चढवलेल्या खोदाईचं परिमाण घटलं आणि उतरवलेल्या फिनिशिंगचं वाढलं, की दोन्हीकडून मार बसतो. टेंडर तपासणारेही असे दर ओळखतात.

पायरी 6: आयटम जागेनुसार फोडा आणि वेळापत्रकाला जोडा

बीओक्यू कामाच्या प्रकाराप्रमाणे लावलेला असतो: सगळं काँक्रीट एकत्र, सगळा गिलावा एकत्र. काम मात्र मजल्यामजल्याने होतं. म्हणून प्रत्येक मोठा आयटम पाया, तळमजला, पहिला मजला, गच्ची अशा भागांत वाटून घ्या. लहानसहान आयटमवर वेळ घालवू नका. रकमेने मोठे असलेले मोजके आयटम मिळूनच बहुतेक कामांचा मोठा हिस्सा होतो, ते नीट फोडले की पुरतं.

फोड झाली की माणसांचा हिशोब सोपा होतो. गिलावा 2400 चौ.मी. आहे आणि तुमच्या साइटवर गवंड्याची एक जोडी दिवसाला 12 चौ.मी. करते असं धरा. म्हणजे 200 जोडी-दिवस. वेळापत्रकात 20 दिवस दिले असतील तर 10 जोड्या लागतील. दहा जोड्यांना उभं राहायला परांची आहे का, तेवढा माल वर चढतो का, हे आताच बघता येतं. महिन्याला किती बिल उठेल आणि किती पैसा लागेल याचा अंदाजही याच तक्त्यातून काढा.

पायरी 7: पोटकंत्राट देताना एकक जुळवा

मालक तुम्हाला काँक्रीटचे पैसे सेंट्रिंगसह घ.मी.ने देतो. सेंट्रिंगवाला तुमच्याकडून चौ.मी.ने घेतो. यात काय गडबड होते ते बघा. 2 बाय 2 मीटर, अर्धा मीटर उंच फूटिंगचं काँक्रीट 2 घ.मी. आणि बाजूंचं सेंट्रिंग 4 चौ.मी., म्हणजे घ.मी.ला 2 चौ.मी. 125 मि.मी. स्लॅबला हेच 8 होतं. 300 बाय 600 च्या कॉलमला 10. आणि 300 बाय 300 च्या कॉलमला 13 च्या वर. बीओक्यूत सगळ्या काँक्रीटला एकच दर असेल तर फूटिंगवर तुम्ही खुशीत असता आणि बारीक कॉलमवर खिशातून घालता. मधेच आर्किटेक्टने कॉलम बारीक करून संख्या वाढवली तर काँक्रीट तेवढंच राहतं, सेंट्रिंगचं बिल मात्र फुगतं.

म्हणून पोटकंत्राटदाराशी करार करताना मोजणीचा नियम लिहूनच द्या. शक्य तिथे मालकाबरोबरचाच नियम लावा. वजावट कशी, कडा मोजायच्या की नाही, स्टीलचे लॅप (सळया एकमेकींवर चढवून केलेले जोड) आणि चेअर (वरच्या सळया उचलून धरणारे आधार) मोजायचे की नाही, हे तोंडी ठेवू नका.

स्टीलमध्ये आणखी एक पेच आहे. बिल प्रमाणित वजनाने होतं. व्यासाचा वर्ग भागिले 162 हे सूत्र सगळे वापरतात, त्याने 12 मि.मी. सळईचं वजन मीटरला सुमारे 0.89 किलो येतं. खरेदी मात्र वजनकाट्यावर होते. सळई थोडी जड रोल झालेली असेल तर तो फरक तुमच्या अंगावर. ट्रक आला की दोन-चार सळयांची एक-एक मीटर लांबी तोलून बघा.

पायरी 8: झाकण्याआधी मोजा, मगच बिल करा

झाकलं जाणारं प्रत्येक काम आधी मोजायचं आणि दोन्ही बाजूंची सही घ्यायची. फूटिंगची खोली, पीसीसीची जाडी, ओतण्याआधीचं स्टील, जमिनीखालच्या पाइपा. नंतर खोदून दाखवा म्हटलं तर कोण खोदणार? मोजमाप पुस्तिकेत आयटम क्रमांक, जागा, ड्रॉइंगचा क्रमांक आणि सुधारणा क्रमांक लिहा. नुसती लांबी-रुंदी-उंची तीन महिन्यांनी कुठल्या बीमची होती ते आठवत नाही.

रनिंग बिल नेहमी सुरुवातीपासून आजपर्यंतच्या एकूण परिमाणाचं करा आणि त्यातून मागचं बिल वजा करा. एका बिलात चूक झाली तर पुढच्या बिलात ती आपोआप दुरुस्त होते. फक्त महिन्याचं वेगळं बिल करत गेलात तर जुनी चूक तशीच गाडली जाते. रिटेन्शन (मालकाने बिलातून राखून ठेवलेली रक्कम), आगाऊ रकमेची वसुली आणि साइटवर पडलेल्या मालाचे पैसे वेगळ्या ओळींत दाखवा, आयटमच्या रकमेत मिसळू नका.

पायरी 9: बदल आला की आधी वर्ग ठरवा

बदल तीन तऱ्हांचे असतात. तोच आयटम, फक्त परिमाण वाढलं: तोच दर. आयटम तोच, पण परिस्थिती बदलली, म्हणजे तोच गिलावा आता दुप्पट उंचीवर: जुन्या दरावर आधारलेला सुधारित दर. आणि बीओक्यूत नसलेलं काम: एक्स्ट्रा आयटम, नवा दर. फोडून ठेवलेले दर इथे सोन्याच्या मोलाचे ठरतात, कारण नवा दर जुन्याच हिशोबाने मांडून दाखवता येतो.

परिमाण फार बदललं तर दरही बदलता येतो का? ते करार ठरवतो. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या रेड बुकमध्ये (नमुना करारात) कलम 12.3 प्रमाणे परिमाण 10 टक्क्यांहून जास्त बदलायला हवं, त्या बदलाची दराने होणारी रक्कम मंजूर करार रकमेच्या 0.01 टक्क्याहून जास्त हवी, त्यामुळे एककामागच्या खर्चात थेट 1 टक्क्याहून जास्त फरक पडायला हवा आणि तो आयटम ‘स्थिर दराचा’ म्हणून ठरवलेला नसावा. या चारही अटी एकत्र पूर्ण झाल्या तरच नवा दर. त्याच पुस्तकात दाव्याची सूचना 28 दिवसांत द्यायची मुदत आहे. तुमच्या करारात आकडे वेगळे असू शकतात, ते भिंतीवर लावा.

तोंडी सांगितलेलं जादा काम त्याच संध्याकाळी लिहून पाठवा: आज अमुक जागी अमुक काम करायला सांगितलं, ते बीओक्यूत नाही, दर पुढे देतो. दोन ओळी पुरतात.

पायरी 10: महिन्याचा ताळा

महिनाअखेरीला झालेल्या परिमाणावरून माल किती लागायला हवा होता ते काढा आणि स्टोअरच्या नोंदीशी ताडून बघा. 60 घ.मी. काँक्रीट झालं, घ.मी.ला 8 गोण्या, म्हणजे 480. 2 टक्के वेस्टेज धरून 490. स्टोअरमधून 540 गेल्या. मग 50 गोण्या कुठे गेल्या? जाडी वाढली, मिक्समध्ये हात सैल सुटला, गोण्या भिजल्या, की दुसऱ्याच कामाला वापरल्या आणि नोंद झाली नाही? शेवटचं कारण वाटतं त्याहून जास्त वेळा निघतं, त्यामुळे लगेच कोणावर संशय घेऊ नका. सिमेंट, स्टील आणि डिझेल या तिघांचा ताळा दर महिन्याला करा, बाकीच्यांचा तीन महिन्यांनी केला तरी चालेल.

पायरी 11: अंतिम बिल

अंतिम बिलाच्या वेळी बीओक्यूची प्रत्येक ओळ तपासा, शून्य परिमाणाचीही. जो आयटम झालाच नाही त्याच्यापुढे कारण लिहा: रद्द, बदलला, की दुसऱ्या आयटममध्ये गेला. 10 टक्क्यांहून जास्त फरक असलेल्या प्रत्येक ओळीला पत्राचा किंवा सुधारित ड्रॉइंगचा संदर्भ जोडा, तपासणारा तिथेच थांबणार आहे.

बिल सुटलं की फाइल बंद करण्याआधी एक चौथा रकाना भरा: प्रत्येक मोठ्या आयटमला प्रत्यक्ष आलेला खर्च, एककामागे. त्याच्या शेजारी कामाची परिस्थिती थोडक्यात लिहा, म्हणजे मजला कितवा, पावसात झालं का, माल कुठून चढवला. पुढच्या टेंडरचा दर भरताना आधी ही फाइल उघडा.